ते-जूनचा आजार

“ताई, ओठ बसतायत की नाही तेवढं तुम्ही बघा. अर्थाचं मी बघतो,” आमचे डबिंगचे दिग्दर्शक केळुस्कर काचेपलीकडून म्हणाले आणि पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा सुरू झाला.

मी हेडफोन नीट केले. पडद्यावर माझी कोरियन बाई, ओक-सुन, इस्त्रीच्या टेबलामागे उभी. दारात तिचा मुलगा ते-जून, अंगावरचा कोटही न काढता. तो काहीतरी बोलतो. ती इस्त्री उभी करून ठेवते, त्याच्याकडे बघत राहते आणि मग तोंड उघडते. या प्रसंगाला मी महिन्यापूर्वीच आवाज देऊन गेले होते, तोही एका दमात. आज सकाळी स्टुडिओतून फोन आला, ताई, छोटीशी दुरुस्ती आहे, पाच मिनिटांचं काम, भाग आज संध्याकाळीच लागायचाय. मी पूजा आटोपून, तीर्थ घेऊन, तशीच निघाले होते.

कानात ते-जून म्हणाला, “आई, मला मोठा आजार झालाय. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत.”

मी हात वर केला. “थांबा. हा प्रणीत नाही.”

काचेपलीकडे इम्तियाजने मशीन थांबवलं आणि केळुस्करांकडे बघितलं. इम्तियाज आमचा ध्वनिमुद्रक. तो कधी कुणाच्या अध्यात-मध्यात नसे, त्या दिवशी मात्र त्याने मान जरा जास्तच खाली घातली होती.

“प्रणीतचा घसा बसलाय,” केळुस्कर म्हणाले. “दुसऱ्याकडून तेवढं एक वाक्य करून घेतलं. कळतसुद्धा नाही, नाही का?”

“मला कळलं.”

“तुमचे कान आकाशवाणीचे, ताई. प्रेक्षकांचे नसतात तसले.”

डबिंगच्या कामात आई आणि मुलगा एकत्र उभे राहत नाहीत. ज्याने त्याने आपल्या वेळेला यायचं, त्या बंद खोलीत एकट्याने बोलायचं आणि जायचं. माझ्या आधी जो येऊन गेला त्याचा आवाज माझ्या कानात, माझ्यानंतर येणाऱ्याच्या कानात माझा. प्रणीत शेटे हा वाईचा मुलगा, तिशीच्या आतबाहेरचा. पहिल्या भागापासून ते-जूनला त्याचा आवाज होता, त्यामुळे आमची ओळख आधी कानांची आणि मग खालच्या टपरीवरच्या चहाची. तो मला मावशी म्हणायचा. गुरुवारी माझा उपास असतो हे लक्षात ठेवून माझ्यापुरते शेंगदाणे आणायचा.

“आणि आजार कसला?” मी विचारलं. “हे वाक्य असं नव्हतं.”

“चॅनेलवरून फोन आला. ते आधीचं चालणार नाही म्हणाले. साडेसातची वेळ, घरात सगळे बसलेले असतात.”

आधीचं वाक्य मला पाठ होतं. ‘आई, मला जी-हान आवडतो. मित्र म्हणून नाही.’ त्यावर ओक-सुन म्हणते, ‘एवढं पोटात ठेवून इतके दिवस जेवलास कसा रे? उद्या घेऊन ये त्याला. मासे आणते.’ बस, एवढंच. रडारड नाही, मागे गडगडाट नाही. मग ती पुन्हा इस्त्री हातात घेते.

“आणि जी-हानचं काय करणार?”

“तो डॉक्टर.”

“तो पाव भाजतो ना? गेले वीस भाग तो हाताला पीठ लावून फिरतोय.”

“पुढच्या भागात एक वाक्य टाकू. शिकला होता डॉक्टरकी, बापाशी भांडून सोडली,” केळुस्कर हसले. “ताई, बायका स्वयंपाक करता करता बघतात. एक कान कुकरकडे असतो.”

“आणि हा मरत कसा नाही शेवटपर्यंत? शेवटच्या भागात तो आणि जी-हान त्या पायऱ्यांवर बसून कलिंगड खातात.”

“औषध सापडतं.”

“म्हणजे तो यातून बरा होतो.”

“बघा! तुम्हालाच सुचलं. तसंच ठेवू.”

माझ्या कानशिलांत काहीतरी ठणकायला लागलं. त्या चातुर्मासात मी नेम धरला होता की कुणावर आवाज चढवायचा नाही. घरी सगळे हसले होते. माझी जाऊ म्हणाली, “कुमुद, तू कधी चढवलायस? मी कारलं खाणार नाही म्हटल्यासारखं झालं हे तुझं.” मलाही तेव्हा नेम सोपाच वाटला होता. रोजचा पोथीचा अध्याय, माळ, गुरुवारचं एकभुक्त, यांत आणखी एक. त्या काचेपुढे उभी असताना पहिल्यांदा कळलं की नेम म्हणजे काय असतं.

“केळुस्कर,” मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “माझं वाक्य काय आहे आता?”

“‘तुझ्याआधी देवाने मला का नाही नेलं?’ थोडा हुंदका. ओठ बरोबर बसतात, मी तीनदा बघितलंय.”

“ती रडत नाहीये.”

“काय?”

“पडद्यावर बघा ना. ती रडत नाहीये. तिला बरं वाटलंय.”

केळुस्करांनी चष्मा वर केला, पडद्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. मग खुर्ची पुढे ओढून, समजुतीच्या सुरात, माईकमध्ये म्हणाले, “ताई, तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. उलट वाटलं, तुम्ही सुटलात. तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या, सोवळ्याओवळ्याच्या. महिन्यापूर्वी ते वाक्य बोलताना तुम्हाला किती जड गेलं असेल याचंच मला वाईट वाटत होतं.”

मला जड गेलं नव्हतं. सगळं मला कळत होतं, असंही मी म्हणणार नाही. संहिता पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी ती तशीच पिशवीत घालून घरी आणली आणि दोन दिवस बाहेर काढली नाही. पण त्या बाईचं मला कळत होतं. कोरियन मालिकांमधल्या कितीतरी आया मी केल्या होत्या. तिकडेही असला मुलगा क्वचितच असतो, आणि असला तर नायकाच्या मागेपुढे हसवायला असतो. दोन-चार भाग झाले की त्याला परदेशी पाठवतात, नाहीतर गाडीखाली घालतात. अशा एका मुलाच्या आईसाठी मी थोबाडीत मारतानाचा हुंकार दिला होता. दुसऱ्या एकीसाठी त्याच्या फोटोपुढे रडले होते, आणि ते रडणं चांगलं झालं म्हणून केळुस्करांनी सगळ्यांना पेढे दिले होते. उद्या घेऊन ये त्याला, मासे आणते, असं म्हणणारी पहिली आई मला मिळाली ती ही. मी मासे खात नाही. तरी ते वाक्य बोलून मी बाहेर आले तेव्हा माझी भूक चाळवली होती.

“माझ्या देवाला यात आणू नका,” मी म्हणाले.

“बरं, नाही आणत. घ्यायचा टेक?”

“एक विचारते. तुम्ही दिवेलागणीच्या वेळी घरात कुणाला मरणाचं बोलू देता का?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे नाही बोलू देत. वास्तू तथास्तु म्हणते, असं माझी आई सांगायची. बोललेलं खरं होतं. तुम्ही साडेसातला, दिवे लागलेले असताना, घराघरांत एका धडधाकट मुलाच्या तोंडून म्हणवून घेताय की तो मरणार आहे. आणि त्याच्या आईच्या तोंडून म्हणवून घेताय की होय बाबा, मरणार आहेस.”

“अहो, खोटं आहे ते! मालिका आहे!”

“मग आधीचंही खोटंच होतं. त्याची का एवढी भीती वाटली?”

इम्तियाजने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. केळुस्करांचा चेहरा बदलला. आतापर्यंतचा तो थट्टेखोर माणूस कुठेतरी गेला आणि घाईत असलेला, वरून दम मिळालेला माणूस समोर आला.

“कुमुदताई, साडेपाचला मला भाग पाठवायचाय. तुम्ही नाही केलंत तर तुमचं जुनं वाक्य काढून वर व्हायोलिन टाकीन. बाईचं तोंड हलेल, आवाज येणार नाही. मग प्रेक्षक म्हणतील, यांच्या बाईला धड बोलताही येत नाही. आणि पुढच्या मालिकेची आई मी दुसरी शोधीन.”

“शोधा.”

मी हेडफोन काढले, वायर गुंडाळून स्टँडला लावली. दार फार जड होतं त्या खोलीचं, नेहमी इम्तियाज बाहेरून ढकलून मदत करायचा. त्या दिवशी मी एकटीने उघडलं.  पायऱ्यांवर थांबून मी भिंतीला टेकले आणि माळ काढली. एकही मणी पुढे सरकेना.

प्रणीत फोन उचलत नव्हता. दुपारभर मी लावत राहिले. पाचच्या सुमारास त्यानेच केला.

“मावशी, दुसरीकडे रेकॉर्डिंगला होतो, फोन बाहेर ठेवावा लागतो. एवढे कॉल? काय झालं?”

“तुझा घसा कसा आहे?”

“घशाला काय झालंय?” तो हसला.

मी त्याला सगळं सांगितलं.  



“मावशी, माझ्या जागी काय म्हणवलंय? शब्द सांगा.”

मी सांगितले. पलीकडून एक आवाज आला, पोटात लागल्यावर येतो तसा.

“मी येतो तुमच्याकडे,” तो म्हणाला. “आत्ता येतो.”

तो आला तेव्हा मी देवापाशी दिवा लावत होते. चप्पल काढायचंही त्याला सुचलं नाही, कानाला फोन लावूनच आत आला. “उचलत नाहीये. आमच्या पिठाच्या गिरणीवर संध्याकाळची दळणाची गर्दी असते. गिरण चालू असली की तिला रिंग ऐकू येत नाही. आणि गिरण बंद केली की फोन गल्ल्यात टाकून तडक टीव्हीपुढे.”

“कोण, आई?”

“हो.”

“मग शेजारी कुणाला तरी लाव.”

“लावला. डोहाळजेवणाला सांगलीला गेलेत सगळे.” तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि लगेच उठला. “मावशी, मी तिला आठवडाभर सांगतोय, गुरुवारचा भाग चुकवू नकोस. चुकवू नकोस. काल परत फोन करून सांगितलं.”

“अरे, मग एक भाग वाईट झाला. सांगता येईल नंतर.”

“तुम्हाला कळत नाहीये.” त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “मी तिला म्हणालो, त्या भागात ते-जून आईला एक गोष्ट सांगतो. ती नीट ऐक. ती माझीच आहे असं समज. मला तोंडाने सांगता येत नाहीये, म्हणून तिथून सांगतोय.”

दिव्याची वात करायला घेतलेला कापूस माझ्या बोटांत तसाच राहिला.

“तीन वर्षं मी प्रयत्न करतोय, मावशी. वाईला जातो, ती पानात वाढते, मी म्हणतो आज सांगू, आणि परत येतो. ही संहिता हातात आली तेव्हा मी रडलो. म्हटलं, देवानेच पाठवलं. माझाच आवाज असेल, पण मी समोर नसेन. आणि पुढे लगेच तुमचा आवाज. तिला तुमचा आवाज फार आवडतो. ती म्हणते, ही बाई बोलली की आपल्या घरातलं कुणी बोलल्यासारखं वाटतं. म्हटलं, मी सांगेन आणि तुम्ही लगेच म्हणाल, घेऊन ये त्याला. म्हणजे तिला निदान कळेल की असंही म्हणता येतं.”

साडेसातला दहा मिनिटं होती. त्याने पुन्हा फोन लावला. वाजत राहिला.

“आता तिला काय ऐकू येणार?” तो म्हणाला. “एकटी आहे ती घरात. बीपीच्या गोळ्या आहेत तिला.”

त्या क्षणी केळुस्कर माझ्या दारात असते तर त्या चातुर्मासाचं काय झालं असतं मी सांगू शकत नाही.

आम्ही टीव्ही लावला. लावायचा की नाही असं कुणी कुणाला विचारलं नाही. मालिकेचं मराठी नाव होतं ‘पायऱ्यांची गल्ली’. ते निळं समुद्राकाठचं शहर आलं, ओक-सुनचं लॉन्ड्रीचं दुकान आलं. प्रणीत जमिनीवर बसला होता. पाठीला भिंत, मांडीवर फोन. ते-जून दारात येऊन उभा राहिला.

“आई,” तो म्हणाला. तो प्रणीतचाच आवाज होता. तेवढं त्यांनी ठेवलं होतं. मग लगेच तो परका, गुळगुळीत आवाज, “मला मोठा आजार झालाय.”

आणि ओक-सुनने इस्त्री उभी केली. तिचे ओठ हलले. वर व्हायोलिन वाजत राहिलं. ती काहीतरी म्हणाली, थोडं हसली, मासे किती मोठे ते हाताने दाखवलं. मरणाऱ्या मुलाला तिने हाताने मासा दाखवला, आणि मराठीतल्या एकाही माणसाला ती काय म्हणाली ते कळलं नाही.

मी टीव्ही बंद केला. “नुसता राग येऊन काय उपयोग,” असं मी म्हणाले असेन किंवा मनात आलं असेल. प्रणीत नुसता पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होता. “गाडी काढतो,” तो म्हणाला. “अकरापर्यंत पोचेन.” तो उठला तेवढ्यात फोन वाजला. हातातून पडेल असा त्याने तो धरला, आणि घाईत बोट लागून स्पीकर सुरू झाला.

“आई, ऐक, मला काही झालेलं नाही. आधी खाली बस—”

“बसलेलीच आहे. तू गप ऐक,” पलीकडून खणखणीत आवाज आला. “ते वाक्य तू बोललास?”

“कोणतं?”

“आजाराचं.”

“नाही.”

“वाटलंच मला. ‘आई’ म्हणाला तिथपर्यंत तू. पुढे कोण मेला शिरला मध्ये? आधी माझं काळीज थांबलं, मग म्हटलं, हा माझा नाही. आणि ती बाई! तोंड हलवतेय आणि नुसती सारंगी वाजतेय.”

“व्हायोलिन,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“कोण आहे रे तिथं?”

“मीच ती बाई,” मी म्हणाले. “नमस्कार.”

 “अगो बाई. नमस्कार. मग बोलला का नाहीत?”

“तुमच्या मुलाला आजारी करायला सांगत होते. माझ्याने झालं नाही.”

“बरं केलंत.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “प्रणीत. तू म्हणालेलास, ते तुझं आहे असं समज. मग तिथं काय होतं? खरं वाक्य काय होतं? ते बोल मला.”

एका दमात पानभर संवाद म्हणणारा मुलगा. त्याने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. त्याच्या जागी दुसऱ्याने बोलायचा प्रकार एकदा झाला तेवढा पुरे होता.

“आई,” तो म्हणाला, “मला सर्वेश आवडतो. मित्र म्हणून नाही.”

 तिकडे वाईला एक कुत्रं भुंकलं, मग थांबलं.

“गणपतीत आलेला तो? मोदकावर साखर घेणारा?”

“हो.”

“किती वर्षं?”

“चार.”

“आणि हे मला टीव्हीतून सांगणार होतास.” तिचा आवाज आता खाली आला होता आणि मला तो आधीपेक्षा जास्त भीतीदायक वाटला. “चार वर्षं माझ्या पानाला बसलास. तिथं तोंड नव्हतं तुला?”

“आई—”

“आत्ता मला काही विचारू नकोस. समजावूही नकोस. मला वेळ पाहिजे. रडायचंय का ओरडायचंय तेसुद्धा माझं ठरायचंय अजून. रविवारी ये. एकटा ये. मग बघू.”

“बरं.”

“पण आधी मला एक सांग.” आणि इथे तो आवाज पुन्हा चढला, गिरणीवरून गल्लीच्या टोकाला पोचणारा. “माझ्या धडधाकट पोराच्या तोंडात दिवेलागणीला असलं अभद्र घालणारा तो कोण? हातपाय गार पडले माझे. देवापुढे जाऊन बसले मी! तुझं जे काय असेल ते असेल, त्याचं मी बघीन. ते माझं आणि तुझं आहे. पण रोग? रोग कुणी लावला माझ्या मुलाला? त्याचं नाव सांग.”

“जाऊ दे ना, आई. त्यांना वरून सांगतात.”

“तू नको सांगूस. त्या बाईंकडे दे फोन.”

प्रणीतने फोन पुढे केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता, किंवा हसण्यासारखं काहीतरी.

“केळुस्कर,” मी म्हणाले.

“नंबर आहे?”

“आहे.”

“थांबा, पेन्सिल घेते.”

मी थांबले. ती आल्यावर एकेक आकडा सावकाश, स्वच्छ उच्चारून सांगितला. शेवटचे चार दोनदा.